आठवी ‘ब’मधला प्रीतम

2014 च्या जूनमध्ये मी आठवीला गेले आणि पंधरा दिवसांत माझं नाव बदललं. हजेरीपटावर आईबाबांनी ठेवलेलंच होतं, पण वर्गात मी ‘उचगाव’ झाले.

आमच्या बेळगावकडं गावातली सरकारी मराठी शाळा सातवीला संपते. आठवी ते दहावी हायस्कूल, आणि दहावीला एसएसएलसी, म्हणजे बोर्डाची परीक्षा. महाराष्ट्रातल्या माझ्या आत्येभावंडांना हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागायचं. त्यांचं हायस्कूल पाचवीलाच सुरू झालेलं. ती दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडं यायची, तेव्हा आमची दसऱ्याची मोठी सुट्टी संपून शाळा भरलेली असायची, आणि मी दप्तर उचलून निघाले की ती अंथरुणातून बघत बसायची.

गावच्या शाळेत सात वर्षं ज्यांच्याबरोबर बसले त्यांच्या आजी-आजोबांचीसुद्धा नावं मला पाठ होती. हायस्कूलात पहिल्या दिवशी क्लास टीचरनी एकेकाला उभं करून नाव आणि गाव विचारलं. चौपन्न नावं एका तासात कुणाच्या लक्षात राहणार? गावं राहिली. मागच्या बाकावरची मोठ्या आवाजाची ती ‘येळ्ळूर’. वहीच्या मागच्या पानावर कायम काहीतरी लिहिणारी ‘कडोली’. तिच्या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, म्हणून ती मोठेपणी लेखिका होणार हे आम्ही पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. बेळगुंदीची दोघं होती, त्यांना ‘मोठं बेळगुंदी’ आणि ‘बारकं बेळगुंदी’. कंग्राळीही दोन, खुर्द आणि बुद्रुक, त्यामुळं एका बिचाऱ्या मुलाला तीन वर्षं सगळे ‘बुद्रुक’ म्हणूनच हाक मारत होते. शहरातल्या मुलींनाही सूट नव्हती. त्या ‘शहापूर’ आणि ‘वडगाव’.

खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी ‘सांबरा’ होती. विमानतळ त्यांच्या गावाजवळ, म्हणून पहिले चार दिवस सगळ्यांनी तिला विमानांबद्दल विचारलं. ती दोन शब्दांत उत्तर द्यायची. तिची आई गोकाककडची, त्यामुळं घरात आईबरोबर कन्नड आणि वडिलांबरोबर मराठी. ती बोलायचीच कमी. आमचा मात्र समज झाला की तिला गर्व आहे.

बाकीच्यांची तोंडं काही बंद नव्हती. ज्या वर्गात कुणी कुणाला ओळखत नाही, तिथं ओळख व्हायला दुसऱ्याबद्दल बोलण्यासारखा सोपा रस्ता नाही. कोण कुठल्या बसनं येतं, कुणाचा डबा कोण खातं, समाजविज्ञानाचे सर मिशीला रंग लावतात का. प्रत्येक बातमीची सुरुवात ठरलेली: ‘मी सांगते, खरं कुणाला सांगू नको हां.’ आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याच्या माणसाला वाटेल ही मुलगी खरं सांगते आहे.

बातम्यांचं मुख्य ठिकाण म्हणजे दुधाची रांग. सरकारची क्षीरभाग्य योजना 2013 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली होती, आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकी 150 मिली दूध. स्वयंपाकाच्या मावशी मोठ्या पातेल्यात पावडर कालवून दूध उकळायच्या आणि आम्ही आपापला स्टीलचा ग्लास घेऊन व्हरांड्यात उभ्या राहायचो. दुधावर साय धरायची, तळाशी कधीकधी पावडरीची गुठळी राहायची, आणि ती बोटानं काढून खाणाऱ्या आणि ‘शी’ म्हणणाऱ्या अशा मुलींच्या दोन जाती होत्या. मी खाणाऱ्यांतली. रांग हळू सरकायची. पुढच्या मुलीनं सांगितलेलं मागच्या मुलीपर्यंत पोचताना त्यात निदान दोन गोष्टींची भर पडलेली असायची, आणि नळावर ग्लास विसळेपर्यंत ती बातमी मुलांच्या रांगेतही गेलेली असायची.

तर जुलै संपत आला होता. आठ दिवस उन्हाचं तोंड बघितलं नव्हतं. सगळ्या वर्गाला ओल्या युनिफॉर्मचा वास येत होता, छत्र्या मागच्या भिंतीला ओळीनं टेकून ठेवलेल्या, आणि त्यांच्याखालून पाण्याचा ओघळ थेट पहिल्या बाकापर्यंत. सोमवारी दुधाच्या सुट्टीनंतर येळ्ळूरला आमच्या बाकाखाली घडी घातलेला एक कागद सापडला. सांबरा पाय ठेवायची त्या जागी. ती तेव्हा ग्लास विसळायला नळावर होती.

कागद भिजलेला. जेल पेननं लिहिलेलं, त्यामुळं निळी शाई सगळीकडं पसरलेली. आणि अक्षरं कन्नड.

कन्नड आमची तिसरी भाषा. पहिली मराठी, दुसरी इंग्रजी. प्राथमिक शाळेत अक्षरं गिरवली होती, पण वाचायचं म्हटलं की एकेक अक्षर बोटानं धरून पुढं जायचं, आणि जोडाक्षर आलं की थांबायचं. तरी त्या दिवशी आम्ही पाच जणी त्या ओल्या कागदावर जशा वाकलो तशा पुस्तकावर कधी वाकलो नव्हतो. पहिलं अक्षर ‘प’, त्याच्या खाली आकड्यासारखा ‘र’, म्हणजे ‘प्र’. दीर्घ, म्हणजे ‘प्री’. मग ‘ति’. मग शेवटचं अक्षर.

‘म,’ येळ्ळूर म्हणाली.

‘प्रीतिम?’

‘प्रीतिम कुठं असतंय गे? प्रीतम. लिहिताना चुकलं असेल.’

सगळ्या गप्प झाल्या. मुलाचं नाव! त्याच्या पुढचा शब्द येळ्ळूरनंच लावला, ‘गळती’, आणि लावल्या लावल्या तिनं वर कौलांकडं बघितलं. चिठ्ठीत गळतीचं काय काम, ते काही कुणाला कळेना. मधल्या ओळी पाण्यानं गेल्या होत्या. एका ठिकाणी तेवढं ‘ऊर’ स्पष्ट होतं, आणि अगदी शेवटी ‘बा’. बा म्हणजे ये. एवढं कन्नड बेळगावच्या बाजारात फिरणाऱ्या कुणालाही येतं.

मग ‘ऊर’वरून दोन तट पडले. बेळगुंदीच्या दोघींचं म्हणणं, कन्नडमध्ये ऊर म्हणजे गाव, यात विचारायचं काय? शहापूर म्हणाली, चिठ्ठी प्रेमाची आहे, तर ऊर म्हणजे काळीज, ऊर भरून येतं तो. तिला सांगून बघितलं की बाई, कन्नड कागदात मराठी ऊर कुठून येईल? ती ऐकेना. कडोलीला दोन्ही अर्थ पसंत पडले. तिनं दोन्ही घेतले आणि वाक्य तयार केलं: प्रीतमला गावाला बोलावलंय, कारण ऊर भरून आलाय.

आता हा कागद नीट वाचू शकणारी आमच्या वर्गात एकच मुलगी होती. आणि तिलाच आम्ही विचारू शकत नव्हतो, कारण तो तिच्या पायाशी सापडला होता. मी त्या कागदाची घडी घालून माझ्या कंपासपेटीत ठेवली. सांबरा नळावरून आली, बाकावर बसली, आणि मी नकळत दोन बोटं लांब सरकले. ते तिनं बघितलं.

पुढच्या आठ दिवसांत प्रीतम वाढत गेला. मंगळवारी त्याला फक्त नाव होतं. शाळेत प्रीतम कोण हे शोधायला येळ्ळूर आठवी ‘अ’मध्ये जाऊन आली, बुद्रुकला नववी-दहावीत पाठवलं. एकही प्रीतम नव्हता. कुणीही म्हणेल, इथं विषय संपायला पाहिजे होता. उलट तिथूनच तो पेटला. शाळेत नाही म्हणजे बाहेरचा! बुधवारच्या दुधाच्या रांगेत त्याला लाल मोटरसायकल मिळाली. गुरुवारी तो कॉलेजला गेला. शुक्रवारी कुणीतरी सांगितलं की त्याच्या वडिलांचे वडगावात यंत्रमाग आहेत. वडगाव स्वतः विणकराच्या घरातली, पहाटेपासून मागाची खटखट ऐकत वाढलेली. ती ठामपणे म्हणाली, ‘आमच्या गल्लीत असला कोण नाही.’ तर तिला उत्तर मिळालं की तुझी गल्ली म्हणजे सगळं वडगाव काय? आणि शनिवारी बुद्रुकनं त्याला सीबीटीवर, म्हणजे मोठ्या बसस्टँडवर, प्रत्यक्ष बघितलं. उंच होता म्हणे. सांबऱ्याच्या बसजवळ उभा होता.

बुद्रुक खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. सीबीटीवर उंच मुलगे असतातच, आणि सांबऱ्याच्या बसजवळही कुणीतरी उभं असणारच. आम्हाला हवा होता म्हणून तो त्याला दिसला. मला स्वतःला वेंगुर्ला रोडवरून बस येताना खिडकीतून दोनदा लाल मोटरसायकल दिसली होती, आणि दोन्ही वेळा मी वर्गात येऊन सांगितलं. त्यात काय वाईट आहे असं मनातही आलं नाही. माझ्याकडं बातमी आहे म्हटल्यावर चार मुली माझ्याभोवती जमत होत्या. जूनमध्ये मी एकटी डबा खात होते, आणि आता मला जागा धरून ठेवत होत्या. सांबरा त्या आठवड्यात एकटी डबा खात होती, हे मी बघत होते. बघून मान फिरवत होते.

पुढच्या सोमवारी ती शाळेला आली नाही. मंगळवारीही नाही.

मंगळवारी दुपारपर्यंत अख्ख्या आठवीला माहीत झालं की सांबरा प्रीतमबरोबर पळून गेली. कुणी म्हणालं गोकाकला, आईच्या माहेराकडं. कुणी म्हणालं गोव्याला. कडोलीनं तर ती कुठल्या रंगाची ओढणी घेऊन गेली हेही सांगितलं, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले होते. इतका वेळ सगळ्यांना मजा येत होती, पण त्या दिवशी बसमध्ये माझ्या पोटात गोळा आला. पळून गेली असेल तर? कागद माझ्या कंपासपेटीत होता. कुणी विचारलं तर मी काय सांगणार होते? घरी आईनं विचारलं, ‘जेवली नाहीस का गे नीट?’ मी डोकं दुखतंय म्हटलं.

बुधवारी ती आली. नेहमीसारखी, दोन वेण्या, मागच्या बाजूला चिखल उडालेला स्कर्ट. बाकावर हात ठेवला तेव्हा मला तिची बोटं दिसली. नखांच्या कडा हिरव्या-काळ्या झाल्या होत्या आणि अंगठ्याला चिरलेलं होतं.

‘काय झालं गे?’

‘भांगलण. माणसं मिळंनात, आईनं ठेवून घेतलं.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘सोयाबीनात लई गवत झालंय.’

मी कंपासपेटी उघडली, कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला. आठ दिवसांत त्याची घडी फाटायला आली होती. ‘हे वाच,’ म्हटलं. माझा आवाज नीट निघाला नाही.

तिनं कागद उचलून उजेडाकडं धरला आणि न अडखळता वाचायला लागली, आपण मराठी वाचतो तशी. ‘प्रीतिय गेळती...’ पुढं शाई गेलेल्या ठिकाणी थांबली, अंदाज घेतला, परत वाचलं. ‘हे पत्र आहे. प्रिय मैत्रिणीस. मी इथं खुशाल आहे. आमच्या गावची जत्रा आहे, आईला घेऊन नक्की ये.’

‘प्रीतम?’

‘कोण प्रीतम?’

मी बोट ठेवून दाखवलं. ती बघत राहिली आणि मग हसायला लागली. दोन महिन्यांत तिला मी पहिल्यांदा हसताना बघितलं, बाकावर डोकं ठेवून, खांदे हलवत. ‘अगे, हे य आहे. म नव्हे. प्रीतिय. प्रिय! आणि गळती कसली, गेळती. गेळती म्हणजे मैत्रीण.’ तिनं माझ्या वहीच्या कोपऱ्यात दोन्ही अक्षरं काढून दाखवली. उजवीकडचं वळण दोन्हींचं सारखंच, पेल्यासारखं. फरक सगळा डावीकडच्या गाठीत. मी सात वर्षं ती अक्षरं बघत होते, पण ती गाठ मला त्या दिवशी दिसली.

कागद कुणाचा होता तेही तिनंच ओळखलं. नववीच्या खोलीत गळत होतं, म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेला त्यांना आमच्या वर्गात बसवत होते. त्यांच्या कन्नडच्या तासाला पत्रलेखन चाललं होतं. कुणाचं तरी पत्र बाकातून खाली पडलं, बस्स.

मग मी तिला सगळं सांगितलं. लाल मोटरसायकल, यंत्रमाग, सीबीटी, गोवा. आणि मी सरकून बसले होते तेही. ती हसायची थांबली. खिडकीतून बाहेर बघत राहिली. ‘मला वाटलं मला कन्नड येतंय म्हणून तुम्ही बोलत नाही,’ ती म्हणाली. एवढंच. त्यावर मला काही सुचलं नाही. दुपारी मी माझा डबा तिच्या बाजूला सरकवला, तिनं तिच्या डब्यातली शेंगाचटणी माझ्या भाकरीवर घातली. ती चटणी तिखट होती, आणि मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली.

येळ्ळूरला सांगायचं काम मी केलं. ती दिलदार मुलगी. सगळं ऐकून घेतलं, मग उभी राहिली आणि वर्गासमोर जाऊन मोठ्यानं म्हणाली, ‘अक्षर मी चुकीचं वाचलं. सांबऱ्याचं काही नाही त्यात.’ नेमक्या त्याच वेळी कन्नड टीचर आत आल्या. काय चाललंय म्हणून विचारलं, कुणी बोलेना. शेवटी कागद त्यांच्या हातात गेला. आम्हाला वाटलं आता पट्टी. टीचरनी तो वाचला, आमच्याकडं बघितलं, ‘सुम्न कुंद्री’ म्हणून सगळ्यांना खाली बसवलं, आणि फळ्यावर दोन अक्षरं एवढी मोठी काढली की मागच्या भिंतीवरूनही दिसावीत. य आणि म. त्या तासाला दुसरं काही झालं नाही. एकेकाला फळ्याजवळ बोलावून त्यांनी ती दोन्ही काढून घेतली. चौपन्न मुलांकडून. सांबऱ्याची पाळी आली तेव्हा खडू तिच्या हातात देऊन म्हणाल्या, ‘तू नको काढू. तू यांचं तपास.’

त्यानंतर आमच्या बाकावर कन्नडची शिकवणीच बसली. त्या बदल्यात ती माझ्याकडून मराठीचं व्याकरण घ्यायची. एसएसएलसीच्या 625 मार्कांत पहिल्या भाषेचे तेव्हा 125 असायचे आणि तिला समासांची भीती वाटायची. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला शहराचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं, राज्यातल्या बारा शहरांची नावं एकदम बदलली. तेव्हा वर्गात लगेच बातमी आली की सगळ्यांची मार्ककार्डं परत छापणार, म्हणून परीक्षा पुढं जाणार. परीक्षा काही पुढं गेली नाही. घरी, बसमध्ये आम्ही बेळगावच म्हणत राहिलो. त्या टर्मला कन्नडच्या एफएमध्ये, म्हणजे वर्गातल्या चाचणीत, पत्र लिहायला आलं, मैत्रिणीला जत्रेला बोलावण्याचं. आठवी ‘ब’मधल्या एकाही मुलानं ‘प्रीतिय’मधलं य चुकवलं नाही. मी माझ्या पत्राखाली गाव लिहिलं, उचगाव, आणि पुढच्याच मंगळवारी सांबरा तिच्या आईला घेऊन खरोखरच आमच्या मळेकरणी देवीच्या दर्शनाला आली.

आम्ही दहावीत गेलो त्या वर्षीची गोष्ट. दुधाची रांग तशीच होती. आमच्या पुढं आठवीतल्या दोन नव्या मुली उभ्या होत्या, दोन वेण्या, ग्लासावर नेलपॉलिशनं नाव लिहिलेलं. एकीनं मागं वळून बघितलं, दुसरीला कोपरानं ढोसलं, आणि मग धीर करून मला विचारलं, ‘अक्का, तुमच्या वर्गातल्या मुलीला न्यायला लाल मोटरसायकलवरनं एक जण यायचा म्हणे, प्रीतम. खरं काय गे ते?’

मी उत्तर द्यायच्या आधी माझ्या मागून सांबरा पुढं आली. ग्लास एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि खाली वाकून म्हणाली, ‘मी सांगते, खरं कुणाला सांगू नको हां.’